‘पाऊस आला तर’मधलं ‘आला’ इंग्रजीत कसं न्यायचं?

प्रश्न

नमस्कार. मी मराठी माध्यमात आठवीला इंग्रजी शिकवते. ‘कंडिशनल’ला, म्हणजे इंग्रजीतल्या ‘इफ’च्या वाक्यांना, वर्गात मराठीत काय म्हणावं? ‘संकेतार्थ’ म्हटलं की मुलं नुसती बघत राहतात, ‘अट’ म्हटलं की त्यांना स्पर्धेचे नियम आठवतात. झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे प्रकार पाठ करून घेतले, तरी चाचणीत एकीने लिहिलं, ‘इफ द रेन केम, वी विल नॉट गो टू द फार्म.’ मी चूक दिली. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘मॅडम, आपण पाऊस आला तर असंच म्हणतो ना? आला म्हणजे केम.’ मला उत्तर सुचलं नाही.

प्रतिसाद

मॅडम, त्या मुलीने फार नेमकी जागा दाखवली आहे. धडा तिथूनच सुरू करा.

आधी नावाचं. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे क्रियापदाचे चार अर्थ आपण शाळेत शिकलो, त्यामुळे शब्द योग्यच आहे. पण आजच्या मुलांना संकेत म्हणजे खूण किंवा संकेतस्थळ. मी वर्गात सरळ ‘जर-तरची वाक्यं’ म्हणतो. त्यातही ‘जर’ बहुतेक वेळा गळतो आणि सगळा भार ‘तर’वर असतो. ‘आलास तर बघू’, ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी.’ इंग्रजीत उलटं, तिथे भार ‘इफ’वर आणि ‘देन’ बहुधा गळतं. आपली मुलं प्रत्येक ‘तर’साठी ‘देन’ घालतात ते यामुळे.

आता ‘आला’कडे. पाऊस अजून आलेला नाही, तरी आपण ‘आला तर’ म्हणतो. रूप भूतकाळाचं, गोष्ट उद्याची. मुलं हे दोन-तीन वर्षांची असल्यापासून बोलतात, फक्त कोणी त्यांना ते दाखवून दिलेलं नसतं. फळ्यावर ‘पाऊस आला’ आणि ‘पाऊस आला तर’ एकाखाली एक लिहा आणि विचारा, पाऊस कधीचा? हे एकदा लक्षात आलं की ‘इफ आय हॅड अ सायकल’मधलं ‘हॅड’ त्यांना विचित्र वाटत नाही. भूतकाळाचं रूप दरवेळी भूतकाळ सांगत नाही, हे त्यांना मराठीनेच शिकवलेलं असतं.

मात्र पुढे दोन भाषांच्या वाटा वेगळ्या होतात आणि नेमकं हेच पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत. मराठीत ‘आला तर’ हे शक्य गोष्टीलाही चालतं आणि अशक्य गोष्टीलाही. ‘पाऊस आला तर शेतात जाणार नाही’ आणि निबंधातलं ‘सूर्य उगवला नाही तर’, दोन्हीकडे घडण एकच. इंग्रजी मात्र बोलणाऱ्याला आधी विचारतं, हे होईल असं तुला वाटतं का? वाटत असेल तर ‘इफ इट रेन्स’. वाटत नसेल तर ‘इफ द सन डिड नॉट राइज’. तुमच्या विद्यार्थिनीला पावसाची खरीच शक्यता वाटत होती, म्हणून ‘केम’ चुकलं. सूर्याच्या वाक्यात तिचं भूतकाळाचं रूप अगदी बरोबर ठरलं असतं.

दुसरी अडचण ‘असतं’ची. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.’ दोन्ही बाजूंना ‘अस’, म्हणून मुलं दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालतात. शिवाय मराठी ‘दिले असते’ आजचंही असतं आणि कालचंही. शेजारी आत्ता दारात उसने मागायला उभा आहे आणि मी म्हणतो, ‘पैसे असते तर दिले असते.’ गेल्या दिवाळीची आठवण सांगतानाही हेच वाक्य. इंग्रजीत पहिलं ‘इफ आय हॅड मनी, आय वुड गिव्ह’, दुसरं ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव गिव्हन’. (‘हॅड हॅड’ मुलांना छापण्यातली चूक वाटते. वाटू द्या आणि मग दोन्ही ‘हॅड’ची कामं वेगवेगळी करून दाखवा.) पुस्तकात यातल्या पहिल्याला ‘सेकंड’ आणि दुसऱ्याला ‘थर्ड’ म्हणतात; म्हणून मी हे आकडे सांगतच नाही. मराठी वाक्यात आधी ‘आत्ता’ किंवा ‘तेव्हा’ लिहायला लावतो, मग इंग्रजी करायला देतो.

झीरोला, म्हणजे नेहमीच तसं घडतं अशा गोष्टींच्या वाक्यांना, फार वेळ देऊ नका. तो आपला ‘की’ आहे: हात लावला की लाजाळू मिटते.

प्रतिसाद

सर, ‘आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये’ यातलं ‘-ल्यास’ कुठे बसवायचं? माझी मुलं तिथेही ‘इफ’ शोधतात.

प्रतिसाद

‘इफ देअर इज अ फायर’ चुकीचं नाही. पण ‘-ल्यास’ ही पाटीवरची आणि अर्जातली मराठी आहे. घरात कोणी ‘भूक लागल्यास सांग’ म्हणत नाही. इंग्रजी पाटीही तशीच बोलते, ‘इन केस ऑफ फायर’. पाटीला पाटीची भाषा द्यावी.

मूळ प्रश्नकर्ती

सर, खूप आभार. काल फळ्यावर ती दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली. वर्ग आधी गप्प, मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, खालचा पाऊस उद्याचा आहे!’ नंतर सूर्याचं वाक्य पुरं करायला दिलं. त्याच मुलीने लिहिलं, ‘इफ द सन डिड नॉट राइज, माय ग्रँडमदर वुड स्टिल वेक अप ॲट फाइव्ह.’ वाचून मला भरून आलं. पण लगेच तिचा प्रश्न: आजी तर नक्की उठणार, मग ‘विल’ का नाही?

प्रतिसाद

फार सुंदर वाक्य आहे. वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. तिला सांगा, आजीचं उठणं कितीही नक्की असलं तरी ते ज्या दिवशीचं आहे तो दिवस आपण कल्पनेत उभा केलेला आहे. त्या दिवशी घडणाऱ्या सगळ्या गोष्टींना ‘वुड’ लागतं, अगदी नक्की घडणाऱ्यासुद्धा. आणि हेच वाक्य तिला मराठीत लिहायला लावा. ‘आजी पाचलाच उठेल’ की ‘उठली असती’, ती काय लिहिते ते इथे जरूर कळवा.