अज्ञान मुलाचा करार: 'रद्द करता येतो' नव्हे, मुळातच नाही

१८ वर्षांच्या आतल्या, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'अज्ञान', मुलाने केलेला करार नंतर रद्द करून घेता येतो, असं म्हटलं जातं. इथे एक दुरुस्ती करतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करायलाच पात्र नाही. कलकत्त्याच्या धर्मोदास घोषने अज्ञान असताना २०,००० रुपयांसाठी घर गहाण टाकलं होतं. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं लंडनमधलं सर्वोच्च अपील न्यायालय) ते गहाणच शून्य, म्हणजे कधी झालंच नाही असं, ठरवलं आणि सावकाराला त्याने दिलेले पैसेही परत मिळाले नाहीत.

पालकाने मुलाची जमीन विकणं मात्र वेगळं, आणि आपल्याकडे भांडणं होतात ती इथेच. काका गेल्यावर चुलत भावाच्या सातबाऱ्यावर नावापुढे 'अ.पा.क. आई' लागलं. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मुलाच्या वतीने पाहणारा पालक. गिऱ्हाईक घाई करत होतं, काकूंचा अंगठा पुरेल म्हणत होतं. पण हिंदू मुलाच्या स्वतःच्या मालकीची जमीन विकायला १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ नुसार पालकाला कोर्टाची परवानगी लागते. ती न घेता झालेली विक्री मुलगा रद्द करून घेऊ शकतो, पण सज्ञान झाल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावून. ही मुदत कित्येक मुलांना ठाऊकच नसते, म्हणून मुद्दाम लिहिलं.