घरी स्की बनवायची आहे: गाभ्याला सागवान चालेल का?

साताऱ्याचा_राऊटर
गुलमर्गसाठी बर्फावर घसरायच्या स्कीची एक जोडी बनवतोय. लांबी १७८ सेंमी; रुंदी पुढे १२६, मध्ये ९०, मागे ११६ मिमी. तळाची पॉलिएथिलीन शीट, पोलादी कडा, ७५० जीएसएमचं (चौरस मीटरला ७५० ग्रॅम) फायबरग्लास कापड जमलंय. टेबल सॉ, राऊटर, थिकनेसर आहे. थर दाबून चिकटवायला प्रेस नाही, व्हॅक्यूम बॅगवर (पिशवीतली हवा पंपाने काढून दाब देणं) काम करणार. गाडी अडलीय गाभ्यापाशी, म्हणजे मधल्या लाकडी थरापाशी. बाहेरच्या देशांत पॉप्लर, ॲश, पावलोनिया वापरतात. इथल्या वखारीत सरळ आणि मुरलेलं लाकूड मागितलं की सागच पुढे येतो. तो चालेल का? नाहीतर काय घ्यावं, आणि जाडी किती ठेवावी?

रंधा_मिरज
साग नको. वजनाची भीती उगाच आहे, एका स्कीमागे फार तर शंभर-सव्वाशे ग्रॅम वाढतील. खरी अडचण सागाच्या तेलाची. इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून बनणारा गोंद) त्याला नीट धरत नाही. ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवला तर टेबलाला पुरतं, पण स्की हजारो वेळा वाकते, आणि प्रत्येक वेळी गाभा आणि फायबरच्या मधल्या थरावरच ताण येतो. सुटायला लागलं की तिथूनच सुटतं.

शिवण नावाचं लाकूड बघा. घनमीटरला साधारण ४८०-५०० किलो, म्हणजे पॉप्लरच्या आसपास. रंध्याला मऊ, आणि सुकल्यावर आकार धरून राहतं. हा गुण इथे सोन्यासारखा. उणीव एकच, स्क्रू पकडण्यात कमी पडतं. म्हणून बाइंडिंगच्या (बूट स्कीला धरून ठेवणारा भाग) रेषेत स्टीम बीच या कठीण लाकडाच्या पट्ट्या घाला. बहुतेक बाइंडिंगचे स्क्रू मध्यरेषेपासून १५ ते २१ मिमीवर बसतात. तेव्हा मधोमध २० मिमी शिवण, तिच्या दोन्ही अंगांना १८-१८ मिमी बीच, आणि बाहेर शिवणच्या साडेअठराच्या दोन-दोन पट्ट्या. एकूण १३० मिमी होतात. पण आधी तुमच्या बाइंडिंगचा कागदी नमुना ठेवून छिद्रं बीचवरच पडतायत ना, ते तपासा.

तुनचं लाकूड मिरजेत तंबोऱ्या-सतारीच्या कामामुळे ओळखीचं आहे, हलकंही आहे. धागा (लाकडातल्या रेषा) सरळ असलेली दोन मीटरची पट्टी निघाली तर हरकत नाही. पाचगणीकडच्या सिल्व्हर ओकमध्ये गाठी टाळून इतकी लांब पट्टी निवडताना माल फार वाया जातो.

लाकडाच्या नावापेक्षा धागा बघा. धागा पट्टीच्या कडेने तिरका बाहेर पडत असेल तर ती पट्टी बाजूला ठेवा. टोकाकडे गाभा २ मिमीवर येतो, आणि तिथे तिरका धागा साच्यात दाबतानाच तडकतो. दोन्ही स्कीच्या पट्ट्या एकाच फळीतून चिरा. एक सोडून एक पट्टी उलटी फिरवून लावा, म्हणजे एकीचा पीळ दुसरी मारते. जोडीला वाया जाणारं धरून पाऊण घनफूट पुरेल.

एफआरपी_कराड
वरचं पटतं. ओलाव्याचं मात्र राहिलं, आणि व्हॅक्यूमवर काम करताना तेच सगळ्यात आधी नडतं. गाभा ६ ते ८ टक्क्यांवर हवा. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्यावरची फळी १५ च्या वर जाते. अशा लाकडावर व्हॅक्यूम लावलं की ओल आणि हवा इपॉक्सीत ओढली जाते, बुडबुडे अडकतात. पुढे थंड कोरड्या हवेत लाकूड आकसून स्की पिळते ते वेगळंच. मीटर नसेल तर त्याच फळीचा १०० ग्रॅमच्या आसपासचा तुकडा १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत भाजा. १०८ चा १०० झाला तर ओलावा ८ टक्के.

पट्ट्या पाण्याच्या गोंदाने जोडल्या तर गाभा पुन्हा ओला होतो, निदान तीन दिवस थांबा. इपॉक्सीने जोडलेलं उत्तम. तयार गाभा सिलिका जेलसह प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा.

महिना डिसेंबर धरा. हवा कोरडी असते आणि इपॉक्सी हातात तापत नाही. एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकं मिळेल, पण ३८ अंशांत मिश्रण कापड भिजायच्या आत घट्ट व्हायला लागतं. जोडीला सव्वा ते दीड किलो इपॉक्सी. कापडाच्या वजनाइतकी कापडाला, बाकी गाभा आणि तळाला. रेझिन-हार्डनर वजनकाट्यावरच मोजा, अंदाजाने नाही.

तळाची शीट एका बाजूने प्रक्रिया केलेली आहे ना? नसेल तर काहीही लावा, चिकटणार नाही. निळ्या ज्योतीने झरझर एक हात फिरवा, मग पाणी टाका. पाणी पसरलं तर ठीक. थेंब गोळा झाले तर पुन्हा.

साताऱ्याचा_राऊटर
शीट प्रक्रिया केलेली आहे. शिवण शोधतो. जाडीचा उतार कसा द्यायचा? आणि व्हॅक्यूमचा दाब पुरतो का?

रंधा_मिरज
पायाखाली ५० सेंमी सपाट ११ मिमी, तिथून दोन्ही टोकांकडे एकसारखा उतरत २ मिमी. दोन बाजूंना उताराच्या पट्ट्या ठोका आणि त्यांवरून राऊटरची घोडी (राऊटर बसवलेली सरकती चौकट) चालवा. एकाच चौकटीत दोन्ही गाभे काढा. जाडीत अर्धा मिमीही हलका धरू नका. १० चे ११ मिमी केले की ताठपणा वीस ते तीस टक्के वाढतो.

बाइंडिंगचं भोक धातूचा थर नसलेल्या स्कीला ३.५ मिमीचं, खोली ९. त्यामुळे पायाखाली ११ च्या खाली येऊ नका, नाहीतर ड्रिल तळाच्या फार जवळ जाईल.

चिकटवण्याआधी दोन्ही गाभे दीड मीटर अंतरावरच्या टेकूंवर ठेवून मधोमध २ किलो टांगा. झोक्यातला (मध्ये खाली वाकण्यातला) फरक एक मिमीच्या वर असेल तर ताठ असलेला गाभा पॉलिश पेपरने उतरवा. नंतर काही करता येत नाही.

एफआरपी_कराड
साताऱ्याच्या उंचीवर व्हॅक्यूमचा दाब ०.९ बारच्या वर जात नाही. प्रेसमध्ये दोन-तीन बार मिळतात, त्यामुळे तुमची स्की थोडी जास्त इपॉक्सी धरेल, इतकंच. बॅग आदल्या दिवशी रिकामी चालवा. पंप बंद करून अर्ध्या तासात दाबमापकाचा काटा उतरला तर गळती शोधा, बहुतेक घडीच्या कोपऱ्यात सापडते. कडांवर पाव मिमीची रबर पट्टी विसरू नका. पोलाद आणि फायबर थंडीत सारखं आकसत नाहीत, तो फरक रबर सोसतं. आणि इपॉक्सी पक्की व्हायला बल्बच्या पेटीत ५५-६० अंशांचा शेक द्याल तर बॅग तशीच चालू ठेवून द्या. पॉलिएथिलीन तापल्यावर खूप फुगतं. मोकळं सोडलं तर गार होताना तळ खोलगट होतो आणि कडा वर राहतात.