उत्क्रांती शिकवायची तर माकडापासून नको, बोंडअळीपासून सुरू करा

विदर्भकन्या
मी यवतमाळ जिल्ह्यात दहावीला विज्ञान शिकवते. 2023 मध्ये केंद्रीय अभ्यासक्रमाची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांती काढून टाकली, नुसती आनुवंशिकता ठेवली. 1800 हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी खुलं पत्र लिहून विरोध केला. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात मी हा धडा शिकवत आलेय, त्याचं समाधान आहे. पण पोरांना विचारलं की उत्तरं दोनच येतात: माकडाचा माणूस झाला आणि जिराफाने मान ताणली. दुसरं तर लामार्क या जुन्या फ्रेंच शास्त्रज्ञाचं, की प्राण्याने आयुष्यात कमावलेला बदल पिल्लांत उतरतो, जे विज्ञानाने कधीच मागे टाकलंय.

माझं म्हणणं असं, की आमच्या पोरांच्या शिवारातच नैसर्गिक निवड घडून गेली आहे, तिथून सुरुवात करा. 2002 मध्ये बीटी कापूस आला. अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार होतं. गुलाबी बोंडअळ्या मेल्या. पण असंख्य अळ्यांत एखादीच्या आतड्याची घडण जरा वेगळी, ते प्रथिन तिथे नीट चिकटतच नाही. ती जगली, तिचा पतंग झाला, पुढची पिढी तिच्यासारख्यांची. काही वर्षांतच गुजरातेत बीटीला दाद न देणारी अळी सापडली. दोन जनुकांचं बीटी तोवर बाजारात आलं होतं, तेही पुरलं नाही. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात याच अळीने कपाशीची कशी नासाडी केली ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पंधरा वर्षांत सगळा धडा डोळ्यांसमोर!

ठाण्याचा पालक
ताई, उत्क्रांतीला माझा विरोध नाही, वयाला आहे. जनुक म्हणजे काय हे पक्कं नसताना, शक्यतेचं गणित येत नसताना पोरं हे पाठच करणार. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, तिथे तो नीट होतो. दहावीच्या मुलावर किती लादायचं? आणि ठाण्यातल्या मुलाने बोंडअळी पाहिलेलीच नाही.

विदर्भकन्या
सर, बारावीला जीवशास्त्र किती जण घेतात? माझ्या वर्गातली निम्मी पोरं कला, वाणिज्य नाहीतर आयटीआयला जातात. त्यांच्यासाठी दहावी हीच शेवटची संधी. आणि ठाण्याच्या मुलांना क्षयरोग सांगा. औषधांना न जुमानणारा क्षय मुंबईत केवढा आहे! औषध अर्ध्यावर सोडलं की नाजूक जंतू आधी मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात. ही गोष्ट पंधराव्या वर्षी कळली तर पोरगं घरातल्या आजारी माणसाला गोळ्या सोडू देणार नाही.

निरीक्षक
अळी शेवटी अळीच राहिली ना? तिचा भुंगा झाला नाही. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विन चुकीचा असल्याचं सांगितलं, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही म्हणाले. त्यांच्यावर टीका झाली, पण शंका प्रामाणिक आहे. अळीवरून थेट माणसावर उडी मारायची, हे मुलांच्या गळी उतरवणं मला पटत नाही.

दगडधोंडे
तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून या सिद्धांताला भक्कम पुरावा असल्याचं सांगितलं होतं. मंत्र्यांचं पद हा पुरावा नव्हे. ‘कुणी पाहिलं नाही’ म्हणाल तर जीवाश्म पाहा. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटजवळ मिळालेला इंडोहायस हा जेमतेम मांजरीएवढा, चार पायांचा, खुरांचा प्राणी, सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या कानाच्या हाडाला जी खास जाडी आहे ती देवमाशांच्या कानात दिसते, म्हणजे तो त्यांचा नातलग. कच्छमध्ये त्यानंतरचे, आखूड पाय असलेले देवमासे दगडात सापडलेत. आजच्या देवमाशाच्या पोटात कमरेच्या हाडांचे अवशेष आहेत, पायांचा पत्ता नाही. हे सगळं भारतीय मातीतलं आहे आणि आपली मुलं मात्र जिराफ गिरवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निरीक्षक
देवमाशाचं मान्य. ते पुस्तकात का नाही मग? मुलांना पुरावा न दाखवता निष्कर्ष पाठ करायला लावता, माझा खरा आक्षेप तोच आहे.

जुना शिक्षक
मी निवृत्त आहे. विषय हवाच, पण बोंडअळीचं उदाहरण मला धोक्याचं वाटतं. मुलाच्या डोक्यात काय बसेल? अळीला बीटीची सवय झाली, हळूहळू पचायला लागलं. म्हणजे पुन्हा लामार्कच. त्यापेक्षा पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवरचे फिंच हे चिमणीएवढे पक्षी घ्या. 1977 च्या दुष्काळात तिथल्या डॅफनी बेटावर बारीक बिया संपल्या, मोठ्या चोचीचे पक्षी जास्त तगले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी निघाली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने पक्षी धरून चोची मोजल्या होत्या. संशयाला जागा नाही.

विदर्भकन्या
सर, ही भीती खरी आहे, म्हणून मी चिठ्ठ्यांनी शिकवते. चाळीस चिठ्ठ्या, त्यांत दोनांवर लाल ठिपका. ‘बीटी’ म्हटलं की बिनठिपक्याच्या जवळजवळ सगळ्या फाडायच्या, उरलेल्यांच्या नकला काढून पुन्हा चाळीस करायच्या. तीन फेऱ्यांत टेबल लाल होतं. मग विचारते, ‘एखादी चिठ्ठी बदलली का?’ एकही नाही. बदलला तो ढीग. त्यानंतर हिरवं बोंड फोडायचं. आत गुलाबी पट्ट्यांची अळी, कुरतडलेली सरकी, पिवळा पडलेला कापूस. फिंच मी नंतर सांगते, पण ते बोंड पोरांच्या घरचं असतं.

कपाशीवाला
बाईंचं मला पटतं, कारण त्याची किंमत आमच्या गावाने मोजली आहे. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पुड्यासोबत 120 ग्रॅम साधं बियाणं यायचं. ते कडेला पेरायचं असायचं. आमच्याकडं बहुतेकांनी ते फेकलं, कारण ते कशासाठी आहे हे कुणी सांगितलंच नाही. साध्या झाडावर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग चिवट पतंगांशी जुळतात, पिल्लांना चिवटपणा एकाच बाजूने मिळतो आणि ती बीटीवर मरतात. एवढंच गणित! फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी, ठेवू नका म्हणतात तेही अळी आवरण्यासाठीच, नाहीतर अळीला वर्षभर खायला मिळतं. हे कृषी अधिकाऱ्याकडून ऐकलं तेव्हा वेळ निघून गेली होती. पोराच्या पुस्तकात असतं तर त्यानंच मला सांगितलं असतं.

ठाण्याचा पालक
दादा, तुमचं म्हणणं लागलं. तरी माझा प्रश्न तोच राहतो: तास तेवढेच आहेत, मग दहावीतून काय काढायचं?

विदर्भकन्या
जिराफाचं चित्र आणि माकडापासून माणसापर्यंतची ती रांग. रांगेमुळे तर उत्क्रांती म्हणजे सरळ चढती शिडी असंच वाटतं. ती दोन पानं मला द्या, बोंडअळी, क्षय आणि कच्छचा देवमासा त्यात बसतात.