वेग उतरताना हँडल थरथरते : दोष कुठे आहे हे कसे ठरवावे?

कऱ्हाडकर

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे आऱ्यांच्या चाकांची, ३५० सीसीची मोटारसायकल असून ती आतापर्यंत ३८,००० किलोमीटर चालली आहे. कामानिमित्त आठवड्यातून दोनदा महामार्गाने कोल्हापूरला जाणे होते. गेल्या दोन महिन्यांपासून ताशी ६५ च्या वेगावरून ॲक्सिलरेटर सोडला की साधारण ६० ते ५० या टप्प्यात हँडल डावीउजवीकडे भराभर थरथरू लागते. दोन्ही हात हँडलवर असले तर ते फारसे जाणवत नाही, परंतु हेल्मेटची काच वर करण्यासाठी डावा हात काढला की थरथर लगेच सुरू होते आणि ५० च्या खाली आपोआप थांबते.

गॅरेजमध्ये दाखवल्यावर त्यांनी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, आवळून दिला. त्याने थरथर बरीच कमी झाली, मात्र आता मंडईच्या गर्दीत हळू चालवताना गाडी सरळ रेषेत राहत नाही, सतत एका बाजूला कलते आणि पुन्हा पुन्हा सावरावी लागते. आता पुढचे दोन्ही शॉकअप नवे घाला, असे ते सांगत आहेत. पुढचा टायर ३,००० किलोमीटरपूर्वीच बदललेला आहे. मागे माझी मुलगी बसते, त्यामुळे हा विषय लांबणीवर टाकायचा नाही, आणि मोठा खर्च करण्याआधी तो योग्य ठिकाणी होतो आहे याची खात्रीही हवी आहे.

घाटवाटा

मागे डिकीची पेटी लावली आहे का? असल्यास ती काढून एकदा त्याच रस्त्यावर चालवून पाहा. मागच्या एक्सलच्याही मागे लटकणारे वजन पुढच्या चाकावरचा भार हलका करते, आणि हलके झालेले पुढचे चाक लवकर थरथरते. दोन्ही टायरमधील हवा गाडी थंड असताना स्वतःच्या मापकाने तपासा; पंपावरच्या काट्यावर विसंबू नका.

कऱ्हाडकर

पेटी नाही. हवा तपासली, माहितीपुस्तिकेत दिली आहे तेवढीच आहे.

जुना फिटर

शॉकअप इतक्यात घेऊ नका. आपण दिलेल्या वर्णनातच बरेचसे उत्तर आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गाडी हलण्याचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. एकात केवळ हँडल आणि पुढचे चाक सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा झटके खाते. त्याचे मूळ बहुतेक वेळा पुढे, म्हणजे टायर, रिम, चाकाचे बेअरिंग किंवा कोनसेट यांत असते. दुसऱ्यात संपूर्ण गाडी सेकंदाला दोन-चार संथ हेलकावे घेते, ते वेग वाढवताना वाढते, आणि त्यासाठी मागच्या चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, मागचे चाक, मागचे शॉकअप व सामान पाहावे लागते. आपला त्रास वेग उतरताना, ठरावीक टप्प्यात आणि हँडलपुरता आहे, म्हणजे तो पहिल्या प्रकारचा आहे.

आता कोनसेट आवळल्यावर काय झाले ते पाहा. आवळल्याने थरथर दबली, कारण घट्ट कोनसेट झटके शोषून घेतो. पण कमी वेगात मोटारसायकल सरळ ठेवण्यासाठी हँडल क्षणोक्षणी अगदी सूक्ष्म वळत असते. ते अडकले की गाडी कलते आणि चालकाला ती सावरत बसावे लागते. म्हणजे मूळ दोष गेलेला नाही, तो केवळ झाकला गेला आहे, आणि त्यापायी दुसरा दोष निर्माण झाला आहे. या अवस्थेत मुलीला मागे बसवू नका, ही कळकळीची विनंती.

तपासणी घरी करता येते. गाडी डबल स्टँडवर लावा आणि मागे कुणाला तरी बसवून पुढचे चाक जमिनीपासून उचला. हँडलला दोन बोटे लावून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत अतिशय सावकाश फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे थबकत असेल, तर कोनसेटचे छर्रे ज्यांत फिरतात त्या वाट्यांमध्ये छर्ऱ्यांचे खड्डे पडले आहेत असे समजा. अशा वाट्या कितीही ग्रीस घातले तरी सुधारत नाहीत. ही परीक्षा घेताना क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल हँडलला ओढत नाही ना, तेही पाहावे. मग समोर बसून शॉकअपची खालची टोके दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. ठक असा आवाज आला किंवा खेळ जाणवला तर कोनसेट सैल आहे. चाक वरून आणि खालून धरून आडवे हलवल्यावर खेळ आढळला तर चाकाचे बेअरिंग गेले आहे.

शेवटी शॉकअपला प्लास्टिकची पट्टी बांधून तिचे टोक रिमच्या अगदी जवळ आणा व चाक फिरवा. रिम किती आउट आहे, म्हणजे फिरताना किती डावीउजवीकडे जाते, ते लगेच दिसेल. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर आधी आउट काढून घ्यावा. सैल आरे स्क्रूड्रायव्हरने हलके वाजवले की त्यांचा आवाज इतरांपेक्षा बद्द येतो.

रस्त्यावर मुद्दाम दोन्ही हात सोडून कृपया पाहू नका. प्रवासात अचानक जोराची थरथर सुरू झालीच, तर हँडल आवळून धरण्याचा आणि पुढचा ब्रेक दाबण्याचा मोह टाळा. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, अंग थोडे पुढे न्या आणि वेग हळूहळू उतरू द्या.

कऱ्हाडकर

आपले मनापासून आभार. काल सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले. रिम आणि चाकाचे बेअरिंग ठीक आहे. हँडल मात्र मध्यावर येताच स्पष्टपणे थबकते, आणि तेथून बाहेर काढायला बोटांना जोर द्यावा लागतो. कोनसेट बदलायचाच असेल तर पुन्हा छर्ऱ्यांचा घ्यावा की टेपर रोलरचा (छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर असलेला)?

जुना फिटर

आपल्या गाडीच्या मापाचा मिळत असेल तर टेपर रोलर घ्यावा, असे माझे मत आहे. छर्रा वाटीला बिंदूवर टेकतो आणि रोलर संपूर्ण रेषेवर, त्यामुळे रस्त्यावरच्या खड्ड्यांचे धक्के जास्त जागेवर विभागले जातात. फिटिंग करताना स्वतः समोर उभे राहा. वरच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल ठेवून कोनसेटचा नट आधी चांगला आवळावा, हँडल पाच-सहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बेअरिंग बसू द्यावे, मग नट सैल करून केवळ खेळ जाईल इतकाच पुन्हा आवळावा. वरचा मोठा नट कसल्यावर हे माप बदलते, म्हणून सर्व कसून झाल्यावर तीच तपासणी पुन्हा करावी. घाईच्या गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी राहून जाते.

कऱ्हाडकर

काम झाले. जुनी खालची वाटी मी मागून घेतली. तिच्यात पुढच्या आणि मागच्या बाजूला छर्ऱ्यांच्याच अंतराने बारीक खड्ड्यांची ओळ असून नख फिरवले की ते एकेक लागतात. ग्रीस पाणी शिरून तांबूस झाले होते. हळू चालवतानाचे कलणे पूर्णपणे गेले आहे. ५५ च्या आसपास एका हाताने मात्र अजून अगदी किंचित थरथर जाणवते.

घाटवाटा

टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक उंचावलेली रेषा असते. तिचे रिमपासूनचे अंतर सर्व बाजूंनी, आणि दोन्ही अंगांना, सारखे आहे का ते पाहा. नवा टायर घाईने बसवला की एखाद्या ठिकाणी ती रिममध्ये खोल जाते, आणि मग रिम सरळ असूनही टायर वेडावाकडा फिरतो.

कऱ्हाडकर

निदान अचूक ठरले. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला रेषा जवळजवळ दिसेनाशी झाली होती. हवा काढून, कडेला साबणाचे पाणी लावून, टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत राहून पुन्हा हवा भरली. टायर जागेवर बसल्यावर दाब नेहमीइतका केला आणि चाक बॅलन्स करून घेतले. आज कोल्हापूरला जाऊन आलो. ६५ वरून ४० पर्यंत वेग उतरवताना डावा हात हँडलपासून बोटभर अंतरावर धरून पाहिला. हँडल स्थिर राहिले.

जुना फिटर

उत्तम. ५०० किलोमीटरनंतर चाक उचलून खेळ पुन्हा एकदा तपासा, नवे बेअरिंग तेवढ्या अंतरात थोडे बसते.