चारही चाके वळणाऱ्या मॉन्स्टर ट्रकचे स्टिअरिंग सरळ राहत नाही

महालकर :
नमस्कार. माझ्याकडे १/१० प्रमाणाचा, पुढे-मागे अखंड ॲक्सल असलेला आणि चारही चाके वळणारा रेडिओ-नियंत्रित मॉन्स्टर ट्रक आहे. दोन्ही सर्वो (चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरी) चॅसीवर बसवलेले असून वाय वायरने (एका जोडणीतून दोन फाटे काढणाऱ्या वायरने) ते रिसीव्हरच्या एकाच चॅनेलला जोडले आहेत, आणि मागच्या सर्वोच्या वायरीत रिव्हर्सर (वळण्याची दिशा उलटवणारा भाग) घातलेला आहे. नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर गाडी सरळ सोडली तरी तिची शेपटी डोलत राहते आणि उंचवट्यावरून उतरताना ती आपोआप डावीकडे ओढली जाते. शिवाय दुपारी काही वेळ चालवल्यानंतर जागेवर जोरात वळवले, की दोन्ही सर्वो झटके देतात आणि क्षणभर थ्रॉटलही जातो. बॅटरी ३ सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) आहे. दुकानदाराचा सल्ला २५ किलो टॉर्कचे सर्वो घेण्याचा आहे. तो खर्च करावा का?

अजनीचा आरसीवाला :
खर्च तूर्त थांबवा. आपण सांगितलेली लक्षणे तीन वेगवेगळ्या दोषांची आहेत आणि नव्या सर्वोने त्यांतला एकही दोष जाणार नाही. तिसरा तर वाढेलच.

प्रथम शेपटी डोलण्याचे पाहू. गाडी विटेवर ठेवून चाके अधांतरी करा, रेडिओ चालू ठेवा आणि मागचे एक चाक हाताने डावी-उजवीकडे हलवताना दुसऱ्या हाताचे बोट एकेका बॉल जॉइंटवर टेकवा. ज्या सांध्यात प्ले (ढिलाई) आहे तिथे बोटाला बारीक टिक जाणवते. सांधे घट्ट असूनही चाक हलत असेल आणि हॉर्न (सर्वोच्या शाफ्टवरची छोटी भुजा) हलताना सर्वोचा शाफ्ट स्थिर राहत असेल, तर सर्वो सेव्हरची (धक्क्यापासून सर्वोला वाचवणाऱ्या भागाची) स्प्रिंग मऊ पडली आहे असे समजावे. नकलमध्ये (चाक ज्यावर वळते त्या भागात) प्लास्टिकचे बुश असतील तर आपल्याकडची धूळ ते लवकर झिजवते, म्हणून तिथे बेअरिंग घालणे योग्य; उघड्या सांध्यांना मात्र ग्रीस लावू नये, कारण ते धूळ धरून ठेवते. पुढच्या चाकांतली थोडी ढिलाई चालक हाताने सावरून घेतो. मागची ढिलाई सावरायला गेलात, की तीच ढिली चाके पुन्हा वळतात आणि डोलणे आणखी वाढते.

उंचवट्यावरचे ओढणे हा बंप स्टिअर आहे. सर्वो चॅसीवर आणि चाके ॲक्सलवर असल्यामुळे सस्पेन्शन दबले की ड्रॅग लिंक (सर्वोपासून चाकांकडे जाणारा दांडा) एका वर्तुळात फिरते आणि ॲक्सल दुसऱ्या, आणि या फरकापोटी चाके वळतात. रेडिओ चालू ठेवून चॅसी हाताने खाली दाबा, म्हणजे चाके वळताना डोळ्यांना दिसतील. टामियाच्या १९८७ सालच्या क्लॉड बस्टरपासून या प्रकारच्या गाड्यांचे शौकीन सर्वो थेट ॲक्सलवर बसवत आले आहेत. माझ्या मते खरा उपाय तोच, बाकी सारी मलमपट्टी.

धरमपेठचा जुना सदस्य :
वरील उत्तराशी सहमत आहे. वाय वायरही काढून टाकावी, कारण तिच्यामुळे दोन्ही सर्वोंना एकच ट्रिम (चाके सरळ करण्याची सेटिंग) आणि एकच एंड पॉइंट (वळण्याची कमाल मर्यादा) मिळतो. रेडिओला मोकळे चॅनेल व मिक्सिंगची (एका चॅनेलबरोबर दुसरे चालवण्याची) सोय असेल तर मागचा सर्वो त्यावर घ्या. मग रिव्हर्सरही लागत नाही. वेगात चालवताना मागचे वळण निम्म्यावर आणा किंवा पूर्ण बंद ठेवा, नाहीतर गाडी गरकन फिरते. हॉर्न बसवण्यापूर्वी सर्व ट्रिम शून्यावर आणावेत. २५ दात्यांच्या शाफ्टवर एक दाता म्हणजे १४.४ अंश होतात, त्यामुळे हॉर्न लिंकशी शक्य तितका काटकोनात बसवून उरलेला फरक आधी लिंकच्या लांबीने आणि अगदी शेवटी सब-ट्रिमने भरून काढावा. टोकाला वळवून ठेवल्यावर सर्वो घरघरत असेल, तर घरघर थांबेपर्यंत एंड पॉइंट कमी करावा.

महालकर :
दोघांचेही आभार. मागच्या डाव्या बॉल जॉइंटमध्ये प्ले सापडला आणि चॅसी दाबल्यावर चाके वळतात हेही दिसले. सर्वो ॲक्सलवर घेण्यासाठी पट्ट्या करून घेतो. झटक्यांचे मात्र कळले नाही.

अजनीचा आरसीवाला :
झटके आणि थ्रॉटल जाणे एकाच वेळी होते, याचा अर्थ रिसीव्हरचे व्होल्टेज कोसळून तो बंद-चालू होत असावा. उभ्या गाडीचे मोठे टायर वळवताना दोन्ही सर्वो मोठा करंट ओढतात आणि तो सारा भार ईएससीमधल्या (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या भागातल्या) बीईसीवर, म्हणजे रिसीव्हर व सर्वोंना वीज पुरवणाऱ्या सर्किटवर, येतो. ती लिनिअर प्रकारची असेल तर ३ सेलचे १२.६ व्होल्ट ५ वर आणताना उरलेली शक्ती उष्णतेत जाते. मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या घरात असताना ती उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही. खात्री करायची असेल तर रिसीव्हरला ४ सेलचा वेगळा ४.८ व्होल्टचा निकेल पॅक जोडून जागेवर वळवून पाहा. झटके थांबले तर ५ अँपिअर किंवा अधिक क्षमतेची स्वतंत्र स्विचिंग बीईसी घ्या. ७.४ व्होल्ट देण्याचा मोह झाल्यास सर्वोवरचे लेबल आधी वाचा, कारण पुष्कळ सर्वो ६ व्होल्टपर्यंतचेच असतात. पॅक असो वा बीईसी, जोडण्यापूर्वी ईएससीकडून रिसीव्हरकडे येणाऱ्या प्लगमधली लाल पिन काढून तिच्यावर टेप गुंडाळा. काळी आणि सिग्नलची वायर तशीच राहू द्या.