प्रयोग चालू ठेवून नाट्यगृहाची दुरुस्ती, कुणी निभावलंय का?

विंगेमागचा
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातलं ६४० खुर्च्यांचं नाट्यगृह आहे, ट्रस्टचं, मी तिथे व्यवस्थापक. गेल्या दिवाळीनंतर दुरुस्ती काढली. तिकीटविक्री आणि शाळांची गॅदरिंग हेच आमचं उत्पन्न, त्यामुळे पूर्ण बंद न ठेवता सोमवार ते गुरुवार काम आणि शुक्रवार ते रविवार प्रयोग असं ठरलं. कागदावर बरं वाटलं होतं हो. आता पाच महिने झाले आणि रात्री झोप लागत नाही.

गुरुवारी संध्याकाळी सहाला काम थांबवायचं असं लिहून दिलंय, पण कॉन्ट्रॅक्टरची माणसं नऊपर्यंत ग्राइंडर चालवतात, मग रात्रभर आम्ही चार जण खुर्च्या पुसत बसतो तरी शुक्रवारी प्रेक्षक उठले की पाठीवर पांढरा शिक्का असतोच. एका प्रयोगाला दुसऱ्या अंकात वरून सिमेंटचा खडा पडला, नटीपासून हातभर अंतरावर. त्या बाईंनी वाक्य तोडलं नाही, पण पडदा पडल्यावर त्या थरथरत होत्या आणि मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट म्हणजे स्टेज. चार दिवस आजारपणात घरी होतो, परत आलो तर जुन्या सागवानी फळ्या उखडून अर्ध्या स्टेजवर चकचकीत टाइल्स बसवलेल्या! का तर "टिकाऊ आहे, पुसायला सोपं." आणि ते टेंडरमध्ये होतं म्हणे. टेंडर करताना आमच्या लाइटवाल्याला, पडदेवाल्याला, मला, कुणालाच विचारलं नव्हतं. आता विश्वस्त म्हणतात झालं ते झालं, राहिलेल्या अर्ध्यातही टाइल्सच टाका. काय करू? आणि पूर्ण बंद ठेवण्याचा आग्रह धरू का?

बॅटनखालचा
दादा, टाइल्स अजिबात राहू देऊ नका, हात जोडून सांगतो. वीस वर्षं दौऱ्यावर सेट लावतोय. फ्लॅटला, म्हणजे सेटच्या लाकडी-कापडी भिंतीला, मागून टेकू दिला की तो जमिनीत खिळ्याने नाहीतर स्क्रूने धरावा लागतो, टाइलमध्ये काय मारणार? मग वजनं ठेवायची, ती सरकतात, आणि दार आपटायचा सीन असला की अख्खी भिंत हलते. वरचा लाइट टाइलवरून उसळून सायक्लोरामावर, म्हणजे मागच्या मोठ्या पडद्यावर जातो, कितीही नीट फोकस करा अंधार म्हणून मिळत नाही. आणि लावणीचा कार्यक्रम असेल तर? फळीखाली पोकळी असते म्हणून पायांना झेपतं, घुंगरांचा आवाजही भरून येतो. टाइलखाली काँक्रीट, गुडघे जातात पोरींचे, घामाने घसरतं ते वेगळंच.

अजून एक, एसीचे डक्ट कुठून नेतायत ते आजच वर चढून बघा. एका ठिकाणी डक्ट बरोब्बर बॅटनच्या (लाइट-पडदे टांगायच्या आडव्या दांड्यांच्या) आड आणला होता, तीन बॅटन कायमचे बाद.

नादखुळा_इंजिनियर
ध्वनीचं काम करतो म्हणून भिंती आणि खुर्च्यांबद्दल लिहितो. गद्य नाटकाला आवाज विरायला साधारण १ सेकंद लागला तर शब्द स्वच्छ पोचतो, संगीताला त्याहून थोडा जास्त चालतो. हा काळ हॉलच्या आकारमानावर आणि आतलं काय काय आवाज शोषून घेतं यावर ठरतो. भिंतीवरचं जुनं सच्छिद्र पॅनेल काढून गुळगुळीत शीट लावली, कापडी खुर्च्या काढून रेक्झिनच्या आणल्या, की शोषणारं फारसं काही उरत नाही आणि मागच्या रांगांना वाक्यावर वाक्य चढलेलं ऐकू येतं. मग लोक म्हणतात माइक वाढवा, माइक वाढवला की अजून गोंधळ.

साधी तपासणी आजच करा. रिकाम्या हॉलमध्ये स्टेजच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा, शेवटच्या रांगेत कुणाला तरी बसवा. टाळीला शेपूट येतंय का, मागच्या भिंतीवरून दुसरी टाळी परत येते का, ते लिहून ठेवा. दर टप्प्यानंतर हेच करा. खुर्च्यांची ऑर्डर गेली नसेल तर कापडीच घ्या, धुवायला त्रास होतो हे मान्य करून.

करवीरकर
मी कोल्हापूरचा. आमचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री जळताना बघितलंय, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रस्त्यावर उभी राहून माणसं रडत होती. म्हणून फक्त एकच सांगतो, पडदे आणि झालरी वर टांगलेल्या असताना वेल्डिंग करू देऊ नका. आधी कापड उतरवा, आणि वेल्डिंग संपल्यावर किमान तासभर एक माणूस बादली आणि अग्निशामक घेऊन तिथेच बसवा. मध्ये चहाला पण जायचं नाही त्याने. प्रयोगाच्या दिवशी बाहेर पडायच्या दारांसमोर सिमेंटच्या गोण्या आहेत का ते स्वतः बघा.

पहिली_रांग
प्रेक्षक म्हणून लिहिते. बंदच ठेवा, पण तारीख सांगून ठेवा. ठाण्याचं गडकरी रंगायतन दुरुस्तीसाठी बंद होतं तेव्हा आमची चिडचिड झाली, पण १५ ऑगस्ट २०२५ ला उघडलं आणि लोक परत आलेच ना. धूळ खात नाटक बघितलेला माणूस मात्र पुन्हा तिकीट काढताना दहा वेळा विचार करतो. आणि कृपा करून बायकांची स्वच्छतागृहं वाढवा, पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात रांगेतच तिसरी घंटा होते. रंगपटाची पण बघा, कलाकार बायका काय सोसतात ते त्यांनाच विचारा. व्हीलचेअरचा उतार १२ फुटाला १ फुटापेक्षा जास्त चढा नको, माझ्या आईला दोघांनी उचलून न्यावं लागतं.

विंगेमागचा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल टाळी वाजवून बघितली, मागची भिंत परत देते, अगदी स्पष्ट. वर चढलो तर डक्टच्या खुणा दोन नंबरच्या बॅटनवरच केलेल्या, तिथेच काम थांबवलं.

विश्वस्तांच्या बैठकीत बॅटनखालच्या दादांचं लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि आमच्या लाइटवाल्याला सोबत नेलं, त्याने टाइलवर एक पार लाइट लावून दाखवला. मग कुणी काही बोललं नाही. परीक्षा सुरू आहेत, बुकिंग कमी आहे, म्हणून ९ आठवडे पूर्ण बंद ठेवायचं ठरलंय, उघडायची तारीख गेटवर रंगवणार. वेल्डिंगच्या वेळी बादली घेऊन मीच बसेन.

जुन्या फळ्या भंगारात गेल्या असं वाटत होतं, पण मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सापडल्या. सुताराने एकेक ठोकून बघितली, ११८ पैकी फक्त ९ ना वाळवी लागलीय. सोमवारी टाइल्स फोडायला घेतोय.