न्यूझीलंडच्या डोंगरात एकच हलकी रायफल: काडतूस कोणतं घ्यावं?

त्रिमूर्तीनगर_शूटर

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त तीन वर्षांसाठी नागपूरहून क्राइस्टचर्चला जाणार आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही. तिथे मात्र हरणं आणि ताहर (डोंगरी बकऱ्यासारखा प्राणी) बाहेरून आणून सोडलेले आहेत, त्यांची संख्या आटोक्यात ठेवावी लागते आणि शिकार कायदेशीर आहे.

सराव १० मीटर एअर रायफल आणि .२२ चा. मोठ्या बोअरमध्ये .३१५ वर मोजकेच बार. रायफल एकच घ्यायची आहे, पायी डोंगर चढून वापरायची. रेड डिअर (मोठं हरीण), ताहर आणि शॅमॉय (छोटा, शेळीसारखा डोंगरी प्राणी) तिन्हींसाठी चालली पाहिजे. सगळं लावून वजन साडेतीन किलोच्या आसपास हवं. ताहर समोरच्या कड्यावर दिसतात असं वाचलं, म्हणून .३०० विन्चेस्टर मॅग्नम (जास्त दारूचं, जोरदार काडतूस) मनात आहे. नाहीतर .३०-०६, कारण ते नाव आपल्या ओळखीचं आहे. मॅग्नम हलक्या रायफलीत झेपेल का?

---

सातमिमी_गोंडवन

भाऊ, मॅग्नम डोक्यातून काढून टाका. झेपण्याचा प्रश्न खांद्याचा कमी आणि डोळ्याचा जास्त आहे. .२२ वर तयार झालेला हात मोठ्या धक्क्याला आठ-दहा बारांत बिचकायला लागतो. मग ट्रिगर दाबायच्या क्षणी डोळा मिटतो आणि गोळी खाली-उजवीकडे जाते. ही सवय एकदा लागली की मोडायला महिने लागतात.

धक्क्याचं गणित सोपं आहे. गोळी आणि दारूचा वायू जेवढा जोर पुढे नेतात तेवढाच मागे येतो, आणि तो अंगावर किती आदळणार हे रायफलीच्या वजनावर ठरतं. वजन निम्मं केलं तर त्याच काडतुसाची धक्का-ऊर्जा दुप्पट होते. स्कोपसकट ३.२ किलोची रायफल, सायलेन्सर नाही, असं धरून मी काढलेले ढोबळ आकडे देतो (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप).

.२४३ विन्चेस्टर, १०० ग्रेन: १४ ज्यूल
६.५ क्रीडमूर, १४० ग्रेन: १९
७मिमी-०८, १४० ग्रेन: २०
.३०८ विन्चेस्टर, १५० ग्रेन: २३
.२७० विन्चेस्टर, १३० ग्रेन: २५
.३०-०६, १८० ग्रेन: ३२
.३०० विन मॅग, १८० ग्रेन: ४३

वीस-बावीस ज्यूलपर्यंत बहुतेकांना सरावाने नीट मारता येतं. तिसाच्या वर हलक्या रायफलीत एका बैठकीत दहा चांगले बार काढणं कठीण, आणि सरावच झाला नाही तर कड्यावरचा ताहर काय कामाचा!

माझं मत ७मिमी-०८. .३०८ चीच केस (काडतुसाचं पितळी नळकांडं), फक्त मान ७ मिमीला आवळलेली, १९८० पासून बाजारात. १४० ग्रेनची गोळी २४ इंची नळीतून साधारण ८५० मी/से वेगाने सुटते. रेड डिअरचा नर असो की शॅमॉय, तीच गोळी चालते. शिवाय आखूड बोल्टच्या, म्हणजे शॉर्ट अॅक्शनमध्ये बसते. .३०-०६ आणि .२७० ला लाँग अॅक्शन लागते, म्हणजे बोल्टचा हात अर्धा इंच जास्त मागे ओढायचा आणि थोडं वजनही जास्त. .२४३ चा धक्का सगळ्यात गोड, पण मोठ्या नराला तिरप्या कोनातून मारायची वेळ आली तर ती गोळी अपुरी पडते, म्हणून एकाच रायफलीसाठी मी तिला घेणार नाही.

---

अंबाझरी३०८

वरच्या भाऊंचं मॅग्नमबद्दलचं सगळं मान्य. पण ७मिमी-०८ ऐवजी .३०८ का, ते सांगतो.

तिकडे सायलेन्सर कायदेशीर आहे आणि जवळपास प्रत्येक जण लावतो. त्याने आवाजासोबत धक्काही बराच कमी होतो, मग ७मिमी-०८ आणि .३०८ मधला तीन ज्यूलचा फरक हाताला कळतही नाही. मात्र २२ इंची नळीवर सायलेन्सर चढवला की झुडपातून चालताना ती काठी प्रत्येक फांदीत अडकते. म्हणून लोक नळी १८ इंचांवर आणतात. .३०८ ची दारू तुलनेने लवकर जळते, त्यामुळे छोट्या नळीत ती कमी वेग गमावते. इंचामागे साधारण ६ ते ८ मी/से धरा. दुसरं, छोट्या गावातल्या दुकानातही .३०८ ची काडतुसं मिळतात, आणि सरावाची पेटी स्वस्त पडते. नव्या माणसाला पहिल्या वर्षी दोनशे-अडीचशे बार हवेतच.

उणीव कुठे ते पण सांगतो. १५० ग्रेनची गोळी १८ इंची नळीतून ४०० मीटरवर पोचते तेव्हा वेग ५७० मी/से च्या आसपास उरतो. त्यापुढे बऱ्याच गोळ्या जनावराला लागल्यावर नीट उमलत (पसरत) नाहीत. आणि वारा! ताशी १६ किमीच्या आडव्या वाऱ्यात ३०० मीटरवर ती २४-२५ सेंमी सरकते, ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची लांबट गोळी १५ सेंमीच.

---

त्रिमूर्तीनगर_शूटर

दोघांचेही आभार. मॅग्नम बाद. आता ६.५ क्रीडमूरचं नाव पुन्हा पुन्हा येऊन राहिलं आहे, पण आपल्या सांबराच्या अंगाचा प्राणी त्या बारीक गोळीला पडेल का, ही शंका जात नाही.

---

रेंजवरची_ताई

पडेल. गोळीची जाडी बघून घाबरू नका, ती आत जाऊन काय करते ते बघा. (उत्तर बेटावर खरोखरच सांबर आहे बरं, श्रीलंकेतून नेलेलं. ताहर तर आपल्या हिमालयातलाच, १९०४ मध्ये माउंट कुकजवळ सोडलेला.)

६.५ ची गोळी व्यासाच्या मानाने लांब आणि जड असते, त्यामुळे खोल जाते. घोळ होतो तो चुकीची गोळी निवडल्याने. टार्गेटसाठीची पातळ कवचाची गोळी शंभर मीटरवर खांद्याच्या हाडाला लागली की वरच्या वर फुटते, जखम उथळ राहते आणि जनावर दरीत जाऊन दोन दिवसांनी मरतं. याच्या उलट, निव्वळ तांब्याची गोळी जवळून उत्तम काम करते, पण लांबवर वेग ५५०-६०० मी/से च्या खाली गेला की सुईसारखी आरपार जाते. तुमचे बहुतेक बार दोनशे मीटरच्या आत असणार, म्हणून कवच आणि शिसं एकमेकांना जोडलेली बाँडेड गोळी घ्या: ६.५ मध्ये १४० च्या आसपास, ७मिमी-०८ मध्ये १४०, .३०८ मध्ये १५० ते १६५ ग्रेन. तांब्याची घ्यायची तर नेहमीपेक्षा एक पायरी हलकी निवडा, वेग टिकतो.

नळीचा पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) विचारून घ्या. ६.५ क्रीडमूरला बहुतेक ठिकाणी ८ इंचात एक फेरा असतो, तो लांब गोळ्यांना पुरतो. जुन्या ७मिमी-०८ मध्ये साडेनऊ इंचात एक असतो. त्यात १६० ग्रेनच्या लांबट किंवा लांब तांब्याच्या गोळ्या डगमगू शकतात.

मला विचाराल तर तुमच्यासाठी ६.५ क्रीडमूरच. .२२ चा नेमबाज आहात, कमी धक्क्यावर तुमचा हात आहे तसा टिकेल. २०० मीटरवर शून्य लावा, म्हणजे तिथे गोळी नेमकी निशाण्यावर लागेल असा स्कोप जुळवा. मग १०० ला गोळी पाच-साडेपाच सेंमी वर लागेल आणि ३०० ला साधारण २५ सेंमी खाली. उताराचा हिशेब विसरू नका: ३५ अंशांच्या चढावर रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) ३०० मीटर दाखवलं तरी गोळीच्या पडण्यासाठी ते २४५ च धरायचं. नव्या लोकांच्या गोळ्या पाठीवरून जातात त्या यामुळेच. आणि कड्याच्या टोकावर उभ्या ताहरवर बार टाकू नका. पडल्यावर तो तुमच्या हाती लागणार नाही.

---

अंबाझरी३०८

ताईंचं पटलं. ६.५ घेतली तर नळी फार छाटू नका, २० इंच तरी ठेवा. लांब गोळीला वेग हवा.

---

बेडिंग_बोल्ट_धरमपेठ

काडतुसाचं जवळपास ठरलं आहे, तर रायफलीबद्दल बोलतो. हलक्या रायफलीत खरे घोळ इथे होतात.

कॅटलॉगमधलं २.५ किलो हे नुसत्या रायफलीचं वजन. स्कोप आणि रिंगांचे ४५० ग्रॅम, सायलेन्सर ३००, पट्टा १००, चार काडतुसं ९०-१०० ग्रॅम. झाले साडेतीन किलो. म्हणून स्कोप २-१० किंवा ३-९ पट मोठं दाखवणारा घ्या, ४०० ग्रॅमच्या आतला. मोठी ५० मिमीची काच डोंगरात नुसतं ओझं.

प्लॅस्टिकचा हलका दस्ता पुढच्या बाजूला लवचिक असतो. पिशवीवर टेकवून दाबला की नळीला टेकतो आणि गोळी सरकते. दुकानातच जाड कागदाची पट्टी नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवून बघा, आणि दस्ता हाताने दाबूनही बघा. अडकली तर ती रायफल नको, किंवा दस्ता घासून घ्यावा लागेल.

बारीक नळी तीन बारांत तापते आणि चौथी गोळी दुसरीकडे जाते. लोक स्कोपला दोष देतात आणि शून्य बदलत बसतात. तीन बार, मग दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. तुमच्या कामाचा बार म्हणजे थंड नळीतला पहिला. त्याची वेगळी नोंद ठेवा. सायलेन्सर लावून मारणार असाल तर शून्यही तो लावूनच ठरवा, लावल्या-काढल्याने गोळीची जागा बदलते. दर काही बारांनी तो घट्ट आहे ना ते चाचपा, पण नळी निवल्यावर.

तिकडे वेस्ट कोस्टला (पश्चिम किनाऱ्यावर) पाऊस फार. स्टेनलेस नळी घ्या आणि तोंडावर साध्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावा. बार टाकताना तो काढायची गरज नसते.

कागदपत्रं: फायरआर्म्स लायसन्ससाठी सुरक्षा अभ्यासक्रम, परीक्षा आणि घरची तपासणी असते. काडतुसं विकत घ्यायलाही लायसन्स लागतं. जून २०२३ पासून रायफल रजिस्ट्रीत नोंदवावी लागते. तिजोरी आधी बसवा, काडतुसं वेगळी कुलुपात. सरकारी जमिनीवरच्या शिकारीचा परवाना संवर्धन खात्याकडून ऑनलाइन फुकट मिळतो.

जायच्या आधी नागपुरात करण्यासारखं: एअर रायफलवर बसून आणि गुडघ्यावरून मारा, पाठीवरची सॅक समोर टाकून तिच्यावर टेकवून मारा. सात-आठ किलोची सॅक घेऊन रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढा. धापेत रिकाम्या रायफलीने निशाणा धरून ट्रिगरचा सराव करायचा असेल तर तो घरी परतून, जिना चढून करा. गडावर रायफल नेऊ नका.

---

त्रिमूर्तीनगर_शूटर

६.५ क्रीडमूर, २० इंची स्टेनलेस नळी, ८ चा पीळ, १४० ग्रेन बाँडेड. दुकानात कागदाची पट्टी घेऊनच जातो. लायसन्सचा अर्ज पोचल्याच्या आठवड्यात टाकतो. ताई, २०० मीटरवर शून्य लावायला २०० मीटरची रेंज जवळ नसेल तर?

---

रेंजवरची_ताई

मग १०० मीटरवर साडेपाच सेंमी वर लावा आणि संधी मिळेल तेव्हा २०० वर तीन थंड बार टाकून खात्री करून घ्या. खात्री होईपर्यंत २५० च्या पुढे बार नको.